पंजाबरावांची दुसरी घागर

सन दोन हजार चोवीस. त्या वर्षीची अक्षय तृतीया मेच्या दहा तारखेला, शुक्रवारी आली होती. मतदान होऊन गेलेलं, निकालाला अवकाश, आणि अकोल्यात सकाळी दहालाच कुत्री नालीच्या ओलाव्यात जाऊन पडत होती. घरात अजूनही त्या वर्षाला ‘कमानीचं साल’ म्हणतात. कमान शेवटी झाली ती वेगळीच झाली. पण नाव पडलं ते पडलं.

जठारपेठेत दुर्गाबाईंच्या दारात तानुबाई कुंभारीण टोपली उतरवून बसली होती. दुर्गाबाईंनी दोन घागरी घेतल्या. एक सासूसासऱ्यांच्या नावाची, एक यजमानांच्या. तानुबाईनं त्यांच्याशेजारी काठ उडालेली एक बारकी घागर ठेवली.

“हे कायले?”

“असू द्या ना बाई. तुळशीले पानी घालाले होते. वापस नेऊन काय करू?”

दुर्गाबाई शहात्तर वर्षांच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा बंगळुरात. घागरींत पाणी भरून, वाळ्याची जुडी सोडून, तोंडावर आंबा ठेवताना त्यांना दरवर्षीसारखं तेल्हाऱ्याचं माहेर आठवलं. तिथं त्यांचे वडील पंजाबराव, म्हणजे पोरांचे दादा, या दिवशी दोन घागरी भरत. एक आपल्या वडलांची. दुसरी अशीच बारकी. ती कोणाची, हे आईलाही ठाऊक नव्हतं. “असन लहानपनी गेलेल्या एखाद्या भावाची,” एवढं बोलून सत्यभामाबाई पुरण वाटायला बसत. पण दुर्गाबाईंच्या डोळ्यांत एक गोष्ट लहानपणापासून बसली होती. पहिली घागर भरताना दादांची टोपी डोक्यावर असायची. दुसरी भरताना ते टोपी काढून काखेत धरायचे. पितरांपुढं उघडं डोकं? आजी असती तर ओरडली असती.

आज मात्र आठवणीत रमायला सवड नव्हती. आज घरात खटला चालायचा होता.

खटला एका पुस्तकाचा. पंजाबराव दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते आणि येताना एका जर्मन शिपायाचं तळहाताएवढं पुस्तक आणि त्याच्या गळ्यातला जस्ताचा लंबगोल बिल्ला घेऊन आले होते. त्यांनी त्या जर्मनाला समोरासमोरच्या झटापटीत लोळवलं, हे तेल्हाऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पुस्तक लाल फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत असे. दसऱ्याला तलवार, भाला, विळा-कोयता यांच्या रांगेत पाटावर मांडून त्याची पूजा होई. बिल्ला मात्र पेटीत नव्हता. तो दुर्गाबाईंच्या धाकट्या भावाच्या, उत्तमरावांच्या गळ्यात पंचावन्न वर्षं काळ्या गोफात होता. दुर्गाबाई एकतीस वर्षं मास्तरीण होत्या, आणि दर पंधरा ऑगस्टला ही हकीकत त्यांनी पोरांना सांगितली होती. त्यात खंजिराचा एक वार त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता; तो आता सगळ्या हकीकतीत पक्का झाला होता.

उत्तमरावांच्या मुलाला, गजेंद्रला, गावाच्या तोंडाशी आजोबांच्या नावाची कमान उभी करायची होती. वर मूर्ती: पंजाबराव उभे, पायाखाली जर्मन. अमरावतीच्या मूर्तिकारानं ते पुस्तक एकदा पाहायला मागितलं म्हणून आठ दिवसांपूर्वी पेटी उघडली, तर लाल फडक्यात जुन्या पंचांगाची घडी निघाली. सोबत चिठ्ठी, रागिणीच्या अक्षरातली: ‘आबा, पुस्तक मी नेलं आहे. परत आणते.’ गजेंद्रची मुलगी, उत्तमरावांची नात, अमरावतीला इतिहासात एम.ए. करणारी. दसऱ्यापासून, म्हणजे सात महिने, तेल्हाऱ्याची शौर्याची पेटी पंचांग सांभाळत बसली होती.

* * *

तेल्हाऱ्याची गाडी अकराला आली. गजेंद्र उतरला तोच फोनवर. त्याची बायको चंदा रसाचं भांडं कवटाळून. उत्तमराव मागून, एकेक पायरी चढत. कूलरसमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी शर्टाची वरची गुंडी सोडली, तसा बिल्ला दिसला.

“बाई, आली का ते चोट्टी?”

“येऊन राहिली. अमरावतीहून एसटीनं निघाल्या म्हणे दोघं.”

“दोघं? दुसरा कोन?”

“तिचे सर हाय कोनी. कमलाकांत सर. ऐंशीचे हाय. जर्मन येते त्याइले.”

गजेंद्रनं फोन खाली घेतला. “आता आमच्या घरचं आमाले ब्राह्मन वाचून दाखवन काय? आत्याबाई, तुमी मोठ्या आहा. तिले बोला. आचारसंहिता उठली का उद्घाटन हाय माह्यं. झेडपीले उभं राहाचं हाय, साऱ्या सर्कलमध्ये सांगून बसलो मी.”

“बोलतो न रे. माह्या बापाची वस्तू न विचारता नेली तिनं. सोडीन काय?”

दुर्गाबाई हे मनापासून बोलल्या. त्या भावाच्या बाजूच्या होत्या, यात त्या घडीला त्यांना शंका नव्हती.

रागिणी आली ती घामानं निथळत, खांद्याला झोळा. मागं काटकुळे, उन्हासाठी डोक्याकानाला टापशी गुंडाळलेले कमलाकांत सर. दुर्गाबाईंनी आधी पाण्याचा तांब्या दिला, मग गुळाचा खडा, आणि मगच तोंड उघडलं.

“पाया पडू नको. आधी सांग, आपल्याच घरी चोरी करायले शिकवते काय तुमच्या कॉलेजात?”

“विचारलं असतं तर दिलं असतं का, आत्याआजी?”

“नसतं देल्लं.”

“मग?”

चंदा स्वयंपाकघरातून पदर तोंडाशी धरून हसली. गजेंद्रनं तिकडं डोळे वटारले.

रागिणीनं झोळ्यातून एक पुठ्ठ्याचा डबा काढला, त्यातून पांढऱ्या मऊ कागदातलं पुस्तक. सगळे नकळत सरसावून बसले. दसऱ्याला ते नेहमी हळदीकुंकवानं माखलेलं, वर झेंडूची पाकळी चिकटलेली असं दिसायचं. आता त्याच्या कापडी पुठ्ठ्याचा मळकट तपकिरी रंग दिसत होता. वर गरुड, त्याच्या पंजात तिरपं स्वस्तिक.

“कुंकू काढलं तू?” उत्तमरावांचा आवाज चढला. “पंचावन्न दसऱ्याचं कुंकू?”

“मी काढलं,” कमलाकांत सर म्हणाले. “मऊ ब्रशनं, दोन महिने लागले. उत्तमराव, रागावू नका. एक विचारू? याची पूजा करायचं सुचलं कसं?”

“सुचलं कसं म्हणजे? साथिया होता न वर, हे स्वस्तिक. मायनं पाह्यलं, म्हने देवाचं दिसते. मांडलं पाटावर.”

सरांनी त्या गरुडाकडं पाहिलं. “ज्यांनी ते छापलं, त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. याला सोल्डबुख म्हणतात, ते सांगू लागले. जर्मन शिपायानं ते कायम खिशात ठेवायचं. त्याची ओळख, त्याची पलटण, टोचलेल्या लशी, दवाखाना, रजा, अंगावरचे कपडे, सगळं यात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला फोटो. सरांनी तो सगळ्यांसमोर धरला. फोटोत गणवेशाची कॉलर होती, दोन कान होते. मधे तांबूस डाग.

“कुंकू आपण फोटोला लावतो तसं कपाळावरच लावलं जायचं,” रागिणी म्हणाली. “दरवर्षी. चेहरा निघून गेला.”

तो टिळा लग्नाआधी एकदोन वर्षं दुर्गाबाईंच्याच बोटानं... नाही, तेव्हा दादा होते, तेव्हा पूजेत हे पुस्तक कुठं होतं? हा प्रश्न त्यांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि काट्यासारखा राहिला.

“नाव, आंटोन लेख्नर,” सर वाचू लागले. “जन्म एकोणीसशे सोळा. धंदा, खोगीर आणि पट्टे शिवणारा. उंची एकशे एकाहत्तर. केस पिंगट. बुटाचा नंबर बेचाळीस.”

“आमच्या याइचाही बेचाळीसच हाय,” चंदा दारातून म्हणाली.

“तू रस पाय!” गजेंद्र.

“पाहूनच राहिली मी.”

“तोफा ओढणाऱ्या घोड्यांच्या तुकडीत होता,” सर पुढं म्हणाले. “दोनदा दवाखान्यात. एकदा हिवताप, एकदा घोड्याची लाथ बसली म्हणून. आणि हे रजेचं पान. शेवटची रजा नोव्हेंबर चव्वेचाळीस, चौदा दिवस, स्वतःच्या गावी. त्यानंतर पानं कोरी आहेत.”

“म्हनजे दादानं त्याले मारलं तवापासून,” गजेंद्र म्हणाला. “जमलं न मग? हेच तर आमी म्हनतो.”

“बाबा, पणजोबांचा डिस्चार्जचा कागद त्याच पेटीत आहे. तुम्ही पाहिलाय.”

गजेंद्रनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“पणजोबा लढणाऱ्या पलटणीत नव्हते. खच्चरांच्या कंपनीत होते. डोंगरावर दाणापाणी चढवायचं, येताना जखमी उतरवायचे.”

“खच्चरवाल्याच्या हातात बंदूक नसते काय?”

“असते ना,” सरांनी शांतपणे म्हटलं. “मारलंही असेल. गजेंद्रराव, कोणी कोणाला मारलं हे हा कागद सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. कागद फक्त गेलेला माणूस कोण होता ते सांगतो. गोष्ट अडली आहे ती दुसरीकडं.” त्यांची नजर उत्तमरावांच्या गळ्यावर गेली. “तिथं.”

उत्तमरावांनी बिल्ल्यावर हात ठेवला.

“त्याच्या मधोमध भोकांची रांग आहे, पाहा,” रागिणी म्हणाली. “वरही तोच नंबर, खालीही तोच. शिपाई मेला की तिथून मोडायचा. अर्धा देहासोबत पुरायचा, अर्धा कचेरीत पाठवायचा. मग घरी कळायचं. हा आख्खा आहे, आबा. मोडलाच नाही. म्हणून तो मेलाच नाही. बर्लिनच्या दप्तरात आजही त्याच्या नावापुढं लिहिलंय, एप्रिल पंचेचाळीस, इटली, बेपत्ता. मी नंबर पाठवला तेव्हा त्यांचं उत्तर आलं.”

“अन् मग?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“मग त्याच्या मुलीचं पत्र आलं.”

कूलरचा पंखा घरघरत होता. बाहेरून तानुबाईची लांबत जाणारी आरोळी आली.

“ती ऑगस्ट पंचेचाळीसमध्ये जन्मली. त्या शेवटच्या रजेतली. तिनं बापाला पाहिलं नाही, बापाला ती होणार हे कळलं होतं का तेही तिला माहीत नाही. आई वीस वर्षं स्टेशनावर जायची. कैदी सोडलेल्या गाड्या यायच्या ना, त्या बघायला. एक लग्नाचा फोटो आहे तिच्याकडं, काळापांढरा. तिनं एकच विचारलंय. त्यांच्या डोळ्यांचा रंग कोणता होता?”

“कोनता होता?” हे विचारलं ते चंदानं. हातात पळी तशीच.

“निळसर करडे,” सर म्हणाले. “पहिल्याच पानावर आहे.”

* * *

जेवणं झाली. रस, पोळ्या, कुरडया, आणि एकमेकांच्या ताटांत बघणं. हात धुतल्यावर गजेंद्रनं पुन्हा सूर लावला.

“बरं, हाय बिचारी. पुस्तकाचे फोटो काढून पाठवा तिले. डोयाचा रंग कळवा. पन वस्तू घरची हाय, घरीच राहीन. बाबा, गळ्यातलं काढू नका तुमी.”

“मी कायले काढतो? जीव गेल्यावर काढजा,” उत्तमराव म्हणाले. “बाई, तू सांग त्यायले.”

सगळे दुर्गाबाईंकडं बघू लागले. वयानं मोठी, दादांना सगळ्यांत जास्त पाहिलेली ती एकटी. त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर पुस्तक पेटीत गेलं असतं, कमान उभी राहिली असती, आणि कुठल्याशा गावातली एक म्हातारी बेपत्ता माणसाची मुलगी म्हणूनच मेली असती. दुर्गाबाईंना ‘नाही’ म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी सरांना भलतंच विचारलं.

“सर, ते गाव कुठं हाय त्याचं?”

“बव्हेरियात. दक्षिणेकडं.”

“ते पूर्व जर्मनीत यायचं का पश्चिम?”

“पश्चिम. का हो?”

दुर्गाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. पुसतच राहिल्या. शेवटी रागिणीनं तो त्यांच्या हातातून घेतला.

“सत्तावन साल असन,” त्या म्हणाल्या. “मी नऊ वर्षाची. दादानं मले अकोल्याले आनलं, मोठ्या पोस्टात. काखेत एक पार्सल होतं, मांजरपाटात शिवलेलं. स्वतः शिवलं होतं त्यानं, सुतळीच्या सुईनं. वर पत्ता होता इंग्रजीत. दादा चौथी शिकलेला. चित्र काढावं तसा एक एक अक्षर पाहून काढला होता. आत काय हाय मले माहीत नोतं. मले वाटलं पेन्शनीचे कागद असन. मास्तरनं पत्ता पाह्यला अन् म्हने, जर्मनी? कोनती जर्मनी? पूर्व का पश्चिम?”

“मग?”

“दादाले काय माहीत? तो म्हने, मी गेल्तो तवा एकच होती.”

सरांनी डोळे मिटले.

“सारं पोस्ट हासलं. रांगेतले लोक, शिक्के मारनारा, सारे. मास्तर म्हने, पाटील, देश विचारून या, मग टाका. दादानं पार्सल उचललं. बाहेर मले उसाचा रस पाजला, स्वतः नाई पेला. एसटीत बसल्यावर म्हने, दुर्गे, घरी सांगू नको. मी कायले सांगतो? माह्या बापाले लोक हासले होते. मरेपर्यंत सांगितलं नसतं मी. तुह्या मामाजीले, या उत्तमलेही नाई सांगितलं,” हे चंदाकडं बघून.

“पश्चिम असं नुसतं लिहिलं असतं तरी पोचलं असतं,” सर हलकेच म्हणाले. “तिची आई तेव्हा होती.”

“अन् ती बारा वर्षाची,” रागिणी.

“अजून एक सांगतो. आखितीले दादा दोन घागरी भरे. दुसरी भरताना टोपी काढून काखेत धरे. मले लय दिवस वाटे, काहून?”

“ख्रिस्ती माणूस मयतापुढं टोपी काढतो,” सर म्हणाले. “तिकडं पाहिलं असेल त्यांनी.”

एकदम सगळ्यांच्या ध्यानात आलं. दसऱ्याच्या पाटावर ते पुस्तक दादांनी कधीच ठेवलं नव्हतं. त्यांच्या हयातीत ते कुठं होतं? आता दुर्गाबाईंना स्पष्ट दिसलं. देवघरात, पितरांच्या टाकांमागं, त्याच मांजरपाटात शिवलेलं. मग ते हत्यारांच्या रांगेत आणलं कोणी?

“उत्तम,” त्या म्हणाल्या.

उत्तमराव कूलरकडं तोंड करून बसले होते. सुरुवात केली ती वळून न बघताच.

“दादा गेले तवा मी अठरा वर्षाचा. तू सासरी. भाद्रपदात गेले, अन् नवरात्रात काकाच्या पोरायनं बांध मोडून आपल्या धुऱ्यावर वखर घातला. वखराची दहा तासं, आपल्या वावराच्या आत. म्हने, या पोट्ट्याले काय समजते. मायनं पायात डोकं ठेवलं त्यायच्या. मी घरी आलो, देवामागचं ते पार्सल उसवलं. दादानं तिकडून काई आनलं हे ऐकून होतो. पुस्तक निघालं, हे निघालं. गळ्यात घातलं अन् गेलो धुऱ्यावर. कुऱ्हाड घेऊन नाई गेलो, बाई. हेच घालून गेलो. म्हटलं, हे पाहा, माह्या बापानं जर्मनाचा जीव घेऊन आनलं. मी त्याचा पोरगा. टाका आता पाऊल.”

“अन् नाई टाकलं त्यायनं,” गजेंद्र हळू आवाजात म्हणाला. ही बाजू त्यालाही नवी होती.

“वखर उचलला अन् गेले. चवथ्या दिवशी दसरा. मायनं हत्यारं मांडली, मी हेही मांडलं. मांडलं तर मानलंही. पुढं मलेच खरं वाटू लागलं. तुह्या शाळेतून पोरं सांगत येत, खंजीर मारला म्हने! म्हटलं असन. बाईले जास्त माहीत.”

चंदाला हसू आवरेना, आणि डोळेही. दुर्गाबाईंनी भावाजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेल्हाऱ्याच्या जुन्या घरात ताप आला की ठेवत तसा.

“मंग त्यानं वावर राखलं आपलं,” त्या म्हणाल्या. “खोगीरवाल्यानं. मेल्यावर चोवीस वर्षांनी, कधी पाहिलं नाई अशा धुऱ्यावर उभा राह्यला तो तुह्यासाठी. झालं न काम? आता जाऊ दे त्याले घरी. दादाले जमलं नाई. आपल्याले जमते.”

“लोकायले काय सांगू मी?” गजेंद्र जवळजवळ ओरडला. “आजोबा खच्चरवाले होते म्हनून?”

“सांगा न,” चंदा म्हणाली. “तुमाले पाहून लोकायले लगेच पटन.”

आधी सर हसले, मग रागिणी, मग स्वतः उत्तमराव, पोट धरून, खोकला येईपर्यंत. खोकला थांबल्यावर त्यांनी मान पुढं केली.

“सोड.”

गाठ सुटेना. पंचावन्न वर्षांचा घाम मुरून गोफ दगड झाला होता; वरचेवर नवा गुंडाळलेला, पण आतली गाठ तीच. शेवटी चंदानं विळीच्या पात्यावर धरून कापला. बिल्ला ताटलीत पडला, त्याचा टणत्कार झाला. उत्तमरावांच्या छातीवर एक लंबगोल पांढरा डाग उरला.

“हलकं वाटते का, आबा?” रागिणीनं विचारलं.

“हलकं कायचं? उघडं वाटून राहिलं.”

दुर्गाबाई दारातून ती काठ उडालेली बारकी घागर घेऊन आल्या. ताजं पाणी घातलं, वाळा सोडला. आंबा उरला नव्हता. चंदानं रसातली कोय धुऊन दिली, तीच तोंडावर ठेवली. कोणाच्या नावानं, ते रागिणीनं सांगितलं. उत्तमरावांच्या जिभेवर ते नाव दोनदा अडलं, तिसऱ्यांदा बसलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली.

गजेंद्र उंबऱ्याशी उभा होता. बराच वेळ. मग त्यानंही टोपी काढली.

* * *

कमलाकांत सर त्या दिवाळीनंतर फार राहिले नाहीत. जानेवारीत, अमरावतीला, झोपेत गेले. त्यांचा जाडा जर्मन शब्दकोश रागिणीकडं आला. त्यात ठिकठिकाणी कुंकवाची बोटं उमटलेली आहेत. रागिणी पुढं अभिलेखागाराचं काम शिकली आणि आता दुसऱ्यांच्या आजोबांचे कागद वाचते. लग्नाचं विचारलं की हसते.

कमान झाली. वर मूर्ती नाही. एक खच्चर आणि त्याचा लगाम धरलेला माणूस, सपाट दगडात कोरलेला. गजेंद्र पुढच्या निवडणुकीत पडला. कमानीमुळं पडलो असं तो म्हणतो. चंदा म्हणते, माणसामुळं. तिनंच आता दरवर्षी दोन घागरी भरायचं अंगावर घेतलं आहे.

उत्तमरावांच्या छातीवरचा डाग वर्षभर गेला नाही. आता उन्हात बसून बसून तो बाकीच्या अंगासारखा झाला आहे. गळ्याशी हात नेण्याची सवय मात्र तशीच आहे.

आंटोन लेख्नरची कोणत्या दगडाखाली माती झाली, ते कळलं नाही. अनोळखी म्हणून पुरलेले तिथं पुष्कळ आहेत. पण बिल्ला पोचल्यावर त्याच्या नावापुढचा ‘बेपत्ता’ खोडला गेला. मुलीनं दुर्गाबाईंना पत्र धाडलं, ते सरांनी जायच्या आधी वाचून दाखवलं होतं. तिचे स्वतःचे डोळे निळसर करडे आहेत, आणि आईनं तिला आयुष्यभर सांगितलं होतं की ते आजीवर गेले.

आणि पार्सल? ते त्याच जून महिन्यात गेलं. दुर्गाबाईंनी मांजरपाट आणून स्वतः शिवलं, आणि भावाला घेऊन अकोल्याच्या मोठ्या पोस्टात गेल्या. रांगेत त्या मनातल्या मनात घोकत होत्या: पश्चिम, पण आता एकच आहे, मधे भिंत होती ती पाडली. खिडकीतल्या मुलीनं पत्ता पाहिला, पार्सल काट्यावर ठेवलं, चार बटणं दाबली आणि पावती पुढं सरकवली.

“झालं, आजी.”

“कोनती जर्मनी, ते नाई विचारत?”

मुलीनं मान वर केली. “एकच तर आहे.”

दुर्गाबाईंनी पावती घडी करून चोळीत ठेवली. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस सांगितला. तीन गिलास. गाडीवाल्यानं विचारलं, तिसरा कोणाचा? उत्तमराव म्हणाले, ठेव तिथं.